चौकटीबाहेरचा मजकूर

सोमवार, ४ मार्च

गुणगुण्या,

हे पत्र तुझ्या नावाचं आहे, पण ते तू ऐकायचं नाहीस. तुझ्या लेकीशी माझा तसा करार झालाय. खाली पेन्सिलीने एक चौकट आखली आहे. तिच्यातल्या दोन ओळी तेवढ्या ती तुला वाचून दाखवील आणि बाकीचा कागद घडी घालून खणात टाकील. तेव्हा मी मनाला येईल ते लिहायला मोकळी. सहा वर्षं तोंड शिवून बसलेल्या बाईला आणखी काय पाहिजे?

तिचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होते. "आत्या, तुझी यमकांची वही आहे ना अजून?" एवढंच तिने विचारलं. मला वाटलं, कुणाच्या तरी वाढदिवसाला चार ओळी खरडायच्या असतील. मग तिने सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी तुला झटका आला. उजवा हात उचलत नाही आणि बोलणं गेलंय. समजतं सगळं, ओळखतोस सगळ्यांना, पण शब्द सापडत नाही.

तुला शब्द सापडत नाही! साबणाच्या जाहिरातीपासून शाळांच्या समूहगीतांपर्यंत अख्ख्या गावाला शब्द पुरवलेस तू. मी फोन ठेवला आणि त्या भूगोलाच्या पानावर माझं डोकं काही चालेना.

वाचा-उपचारवाल्या बाई म्हणाल्यात की असं झालेल्या माणसाला सरळ विचारलं तर शब्द येत नाही, पण यमकाची ओळ अर्धी सोडली तर राहिलेला शब्द कधीकधी आपसूक बाहेर पडतो. तुझी स्वतःची गाणी लावून पाहिली तर तू हाताने टेप बंद करायला लावलास म्हणे. म्हणून माझ्या वहीची आठवण झाली.

"मी येते," म्हटलं. तर ती चाचरत म्हणाली, "आत्या, रागावू नकोस हं. तुझं नाव काढलं तर बाबांनी भिंतीकडे तोंड केलं." नाही रागावले. तुझं तोंड निदान भिंतीला तरी दिसलं. मी मेलीने सहा वर्षांत ते पाहिलेलं नाही.

तर मी येत नाही, ओळी पाठवते. कुणाच्या आहेत ते सांगू नकोस असं तिला बजावलंय. तुला कळायचं ते कळेलच. असल्या फुटकळ ओळी या जगात दुसरं कोण लिहितं?

[सकाळी सकाळी वाजली घंटा,
दार उघडते तर समोरच ______ ]

(लेकी, शेवटी थांबायचं आणि त्याच्याकडे बघायचं. ओठ हलवून दाखवायचे नाहीत.)

तुझी
ताई


शनिवार, ९ मार्च

गुणगुण्या,

"तंटा!" म्हणालास म्हणे. आणि तेही खणखणीत. महिनाभरातला पहिला शब्द, आणि तो तंटा! तुला दुसरा कुठला शोभला असता?

तुझी लेक फोनवर हसत होती की रडत होती ते मला कळेना. बहुतेक तिलाही कळत नव्हतं. औषधांच्या दुकानातून रजा घेऊन तुझी उस्तवार करतेय बिचारी, आणि तू पहिला शब्द भांडणाचा काढलास. मी दहा मिनिटं नुसती खुर्चीत बसून राहिले. समोर नद्यांच्या उगमांचं पान होतं. त्यात एखादी चूक राहून गेली असेल, राहू दे. नदी काही उगम बदलणार नाही.

आज वही काढली. पहिलं पान अजून तसंच आहे, त्यावर तुझ्या वाकड्या अक्षरात 'शेपूट चालणार नाही' असं लिहिलेलं. आठवतं? आई भांड्यांचा ढीग आपल्यापुढे टाकायची. एकाने घासायची, एकाने पुसायची. घासणाऱ्याने शब्द टाकायचा आणि हातातली ताटली कोरडी व्हायच्या आत पुसणाऱ्याने यमक द्यायचं. नाही आलं की जागा बदलायची. तू लबाड. मी 'धावतो' म्हटलं की तू 'लावतो, मावतो, भावतो' करत सगळी थप्पी पुसून मोकळा, आणि मी 'धावते' म्हणाले की पुन्हा 'लावते, मावते, भावते'. त्यावरून एकदा तुझ्या पाठीत ओला झारा घातला. तेव्हा आईनेच निवाडा दिला की ज्या शब्दांची नुसती शेपटी सारखी ते बाद. मग आपण एक एक अक्षर लावून शोधायला शिकलो. 'वारा' आला की क-पासून सुरुवात करायची आणि खारा, गारा, चारा, झारा, तारा, थारा करत पुढे जायचं. आजही मला बसथांब्यावर उभं राहिलं की पाट्या वाचता वाचता तेच सुरू होतं. शेजारची माणसं सरकून उभी राहतात.

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नाही. ती हाताच्या सवयीने झालेली चूक होती आणि तसं मी तेव्हाच सांगितलं होतं. असो.

[डोक्यावर केस उरले चार,
तरी खिशातल्या कंगव्याचा ______ ]

तुझी
ताई


रविवार, १७ मार्च

गुणगुण्या,

मी 'भार' ठरवला होता. तू 'आधार' म्हणालास.

माझ्यापेक्षा सरस आहे, मान्य. चार केसांना कंगव्याचा आधार! लेक म्हणाली, बोलून झाल्यावर तू डावा हात डोक्यावरून फिरवलास आणि एका बाजूने हसलास. उपचारवाल्या बाईंनी वहीत नोंद केली म्हणे, की हा शब्द नुसता घरंगळत आलेला नाही, माणसाने निवडलाय. मी सकाळपासून तीन शेजारणींना ही ओळ ऐकवली. एकीला कळली.

आता लिहूनच टाकते, नाहीतर पेन पुढे जायचं नाही. घडी घालून खणातच तर जायचंय.

वहिनी गेली त्याला वर्ष होत होतं. तिच्या टपाल कचेरीतल्या लोकांनी आठवणींची सभा ठेवली होती आणि तू गाणं लिहिलं होतंस. नेहमीप्रमाणे गायिकेसाठी सुवाच्य प्रत काढायला ते माझ्याकडे पाठवलंस. शेवटचं कडवं असं होतं:

रोज सहाला परतायाची, कधी न चुकली वेळ,
जिन्यापासुनी सुरू व्हायचा तुझा बोलका खेळ,
तुझ्या बेसुऱ्या गाण्याशीही जमला माझा मेळ,
सहा वाजले, दार उघडले, आत कुणीही नाही.

आणि मी प्रत काढली ती अशी: सहा वाजले, दार उघडले, संपुन गेला खेळ.

गायिकेने तेच गायलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू पहिल्या रांगेतून उठलास आणि निघून गेलास. मी जिन्यात तुला गाठलं तेव्हा तू एवढंच म्हणालास, "ताई, तिचा खेळ संपला?" त्यानंतर आजवर एक शब्द नाही.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका सुधारत बसलेल्या बाईचा हात आहे तो. वेळ, खेळ, मेळ आणि मग 'नाही' दिसलं की तो आपोआप चालतो. तू समजून घ्यायला हवं होतंस असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. भाऊ आहेस ना?

[शेजारच्या काकांनी आणलं मांजर,
काका झोपले की कुरतडतं ______ ]

तुझी
ताई


शुक्रवार, २९ मार्च

गुणगुण्या,

तुमच्या घरात काय चाललंय ते लेकीने सांगितलं आणि आधी मी पोट धरून हसले.

तुला तहान लागली की तू ग्लासकडे बोट दाखवतोस, पण 'पाणी' येत नाही. मग ती म्हणते 'गाणी' आणि तू म्हणतोस 'पाणी'. ती 'दहा' म्हणते, तू 'चहा'. दूधवाला दारात उभा, आत बाप-लेक एकमेकांना 'सुशी' आणि 'उशी' म्हणतायत. तो बिचारा हिशोब न करताच गेला म्हणे. ती सुशी कोण ते त्याने विचारलं नाही हे नशीब.

मग तिने कालची गोष्ट सांगितली. ती 'दहा' म्हणाली आणि तू कप भिंतीवर फेकलास.

तिला वाटलं, चहा नको असेल. उपचारवाल्या बाईंना वाटलं, थकवा असेल. असं होतं कधीकधी, म्हणाल्या. पण मला विचारशील तर मला लगेच कळलं. चहा तर तुला हवाच होता. दुसऱ्याने टाकलेल्या शब्दाला लोंबकळत तो मागायचा, याचा तुला वीट आलाय. दिवसभर आम्ही बोलू तेवढंच तू बोलायचं. आम्ही 'घंटा' म्हटल्याशिवाय तुला भांडताही येत नाही.

तीन चौकटी पाठवल्या मी. प्रत्येक वेळी शेवटचा शब्द मी आधी ठरवून ठेवला होता आणि तो तुझ्या तोंडून आला की इकडे टाळ्या पिटत होते. खरं म्हणजे मांजराने 'गाजर' कुरतडायचं काहीच कारण नव्हतं. यमक जुळत होतं म्हणून मी तुझ्याकडून ते कुरतडून घेतलं. एकदा तू सुटलास, 'आधार'च्या वेळी. नाहीतर सगळे माझेच शब्द.

आज चौकट आखायला घेतली आणि पेन्सिल खाली ठेवली. उद्या बघू.

तुझी
ताई


बुधवार, ३ एप्रिल

गुणगुण्या,

उद्या बघू म्हटलं त्याला पाच दिवस झाले. भूगोलाचं पुस्तक छापायला गेलं. नवीन काम हाती घेतलेलं नाही.

हाताची सवय वगैरे जे मी लिहिलं ते खोटं होतं. सहा वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले, इतकं की मलाही खरं वाटायला लागलं होतं. आता खरं काय ते लिहिते. तू ऐकणार नाहीस म्हणून तर हिंमत होतेय.

गाणं लिहिताना तू अडलास की त्या जागी फुली मारून कागद माझ्याकडे धाडायचास. बावीस वर्षांचा होतास तेव्हापासून. फुली म्हणजे ताईची जागा. तुझ्या लग्नाआधी तर तेवढीही गरज नव्हती. तू माडीवरून ओरडायचास, "ताई, किनारा!" आणि मी खालून, "पसारा, निवारा, शहारा!" शहारा घेतलास की मला दिवसभर पुरायचं.

मग वहिनी आली. एके दिवशी मी जिना चढत होते, तर तू तिला विचारत होतास, "किनारा?" आणि ती म्हणाली, "बटाटा!" यमकाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, साधी शेपटीसुद्धा धड नाही. आणि तू हसून हसून खाटेवर आडवा झालास. माझ्यासाठी तू असा कधी हसला नव्हतास. मी तीन चांगले शब्द घेऊन आले होते, ते तसेच घेऊन खाली उतरले.

तिच्याबद्दल माझ्या मनात वाईट नव्हतं रे. तिच्याशी वाकडं घेणार तरी कसं? मला पाहिलं की टपालाची पिशवी जिन्यातच टाकून गळ्यात पडायची. पण ती गेल्यावर, लाज वाटते लिहायला, मला वाटलं की आता तू पुन्हा मला हाक मारशील. वर्षभर वाट पाहिली मी. आणि मग ते गाणं आलं.

त्या कागदावर एकही फुली नव्हती, गुणगुण्या.

दोनदा उलटसुलट करून पाहिला. 'नाही' तू अडलास म्हणून आलेला नव्हता. तिथे तोच हवा होता. सगळ्या कडव्यात यमक येत राहतं आणि जिथे ती असायची नेमकं तिथे येत नाही. हे मला पहिल्याच वाचनात कळलं. असं काही मला जन्मात सुचलं नसतं, हेही कळलं. आणि तरी मी ती ओळ बदलली, कारण तू मला विचारलं नव्हतंस.

ती जागा वहिनीची होती आणि मी तिथे जाऊन बसले. खरी गोष्ट एवढीच आहे. माफी मागायची तर तू समोर हवास आणि ऐकत हवास, म्हणून इथे मागत नाही.

लेकी, आज चौकट नाही. बाबांना सांग, आज यमक नाही आणि यापुढेही नाही. तहान लागली तर 'गाणी' म्हणू नकोस. पाण्याचा ग्लास जवळ ठेव आणि थांब. त्याचा शब्द त्याला शोधू दे. नाही सापडला तर नाही सापडला.

तुझी
ताई


रविवार, २१ एप्रिल

गुणगुण्या,

अठरा दिवस तुमच्याकडून काहीच नाही. मी फोन केला नाही. माझं वजन कमी झालं आणि शेजारणीने कारण विचारलं तर दातावर ढकललं.

आज सकाळी दहाला फोन वाजला. मी 'हॅलो' म्हटलं. पलीकडून कुणी बोलेना, नुसता श्वास येत होता. मला वाटलं चुकीचा नंबर. ठेवणार होते, तेवढ्यात तू घसा खाकरलास. तुझं खाकरणं मी हजारात ओळखीन.

माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू! बाई, घाई, जाई, शाई, राई, माई. तुला कुठला शब्द पाहिजे ते मला दिसत होतं आणि तो तुझ्या हातात ठेवायला मी तडफडत होते. पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, देवाशपथ. समोर घड्याळ होतं. दोन मिनिटं झाली. मग तीन. तू एकदा 'त' म्हणालास आणि अडकलास. मी पदर चावत बसले.

"ताई," तू म्हणालास.

कुणी काही न टाकता, आपला आपण. मी 'ओ' दिली की नाही तेही आठवत नाही.

मग पुन्हा तेवढाच वेळ, आणि: "पत्रं… सगळी… ऐकली."

"सगळी म्हणजे? चौकटी ना?" मी विचारलं.

"सगळी."

तेव्हा तुझ्या लेकीने फोन घेतला आणि तिला कंठ फुटला. पहिल्याच दिवशी ती कागदाची घडी घालायला गेली तर तू डावा हात त्यावर ठेवलास म्हणे, आणि शेवटच्या ओळीपर्यंत उचलला नाहीस. नंतर प्रत्येक पत्राला तेच. "आत्या, तुला सांगू नको म्हणून ते डोळे वटारायचे गं." म्हणजे झारा ऐकलास, चार केस ऐकलेस, खोटं ऐकलंस आणि खरंही. बटाटासुद्धा. माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. त्या पोरीवर मी विश्वास टाकला होता! शेवटी तुझीच लेक.

मी तिला विचारलं, "बटाट्याला काय केलं त्याने?" ती म्हणाली, "हसले. मग रडले. मग पुन्हा वाचायला लावलं."

तुला फोन परत हवा होता. ती म्हणाली, सकाळपासून तीन शब्दांची तयारी करताहेत, मध्ये बोलू नकोस. मी बोलले नाही. यावेळी घड्याळाकडेही पाहिलं नाही.

"ये," म्हणालास. मग बऱ्याच वेळाने, "गप्प… बस."

सहा वर्षांनी भाऊ बोलतो आणि काय बोलतो, तर गप्प बस! मी इतकी हसले की डोळ्यांना धार लागली. तूही पलीकडे हसत होतास, ऐकू आलं मला.

उद्या सकाळच्या गाडीने निघते. हे पत्र पोचायच्या आत मी पोचेन. तरी आज लिहून घेतेय, कारण तिथे आल्यावर मला बोलायची बंदी आहे. माफ कर मला, गुणगुण्या. हे एवढं समोर येऊन म्हणणार आहे, तेवढं म्हणू दे. मग तुझ्या खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसेन. तू शब्द शोधायला लागलास की मी खिडकीबाहेर बघेन आणि तोंड उघडणार नाही. लागू दे किती वेळ लागतो तो.

तुझी
ताई